सायकलवरील एक दिवस

प्रवासाची साधने जसजशी वेगवान होत गेली, तसतसा प्रवास या शब्दाचा अर्थ संकोच पावत गेला, असे आमचे मत आहे. नागपुरास विमानात बसलेला गृहस्थ दीड तासात मुंबईस उतरतो. परंतु मधले वऱ्हाड, खानदेश आणि सह्याद्रीचे घाट त्याने पाहिले, असे कोणी म्हणणार नाही. पायी चालणाऱ्यास सर्व काही दिसते, पण एका दिवसात तो आपल्या तालुक्याची शीव क्वचितच ओलांडतो. या दोन टोकांच्या मध्ये सायकल आहे. चालण्यास जितके श्रम पडतात तितक्याच श्रमात ती माणसाला अदमासे तिप्पट अंतर नेते. वाटेत ओळखीचे कोणी भेटले, तर एक पाय जमिनीस टेकला की संभाषणास प्रारंभ करता येतो. आणि बरोबर एखादा स्नेही असेल, तर तो कसा आहे हेही ती दाखविते. या शेवटच्या गुणाविषयी आम्हांला आज विशेष लिहावयाचे आहे.

सायकलवरून दूरचा प्रवास करणे हे अलीकडील तरुणांचे खूळ आहे, असा पुष्कळ घरांतून समज असतो. वस्तुतः या गोष्टीस शंभर वर्षे होऊन गेली. मुंबईतील काही पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे अदमासे ७१,००० किलोमीटरची वाट तुडवून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परत आले. आमच्या विदर्भाकडे पाहावे, तर वरोड्याच्या आनंदवनातील बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने भारत जोडो यात्रा काढली; तीत शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, म्हणजे अदमासे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत एकट्याने सायकलवर पार केला. आणि २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या वीस वर्षांच्या मुलीने १५९ दिवसांत २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा पूर्ण केली. या थोर मंडळींच्या पंक्तीस बसण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. आमची कथा शंभर किलोमीटरच्या आतबाहेरची, सूर्योदयापूर्वी सुरू होऊन दिवेलागणीस संपणारी, आणि दोघा वृद्धांची आहे.

आमचे वास्तव्य सडक अर्जुनी येथे. नागपुराहून रायपूरकडे जाणारी जुनी सडक येथून जाते, म्हणून ही सडक अर्जुनी. दक्षिणेकडे अर्जुनी मोरगाव आहे, ती निराळी. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झाला, सडकेचा क्रमांक ६ होता तो ५३ झाला, दोन पदरांचे चार पदर झाले. परंतु गावाच्या नावातील सडक मात्र तशीच राहिली. शाळेच्या नोकरीतून निवृत्त होऊन आम्हांस आता आठ वर्षे झाली. घरात आमचे कुटुंब, दोन चिरंजीव, सुना, नातवंडे आणि आमच्या वृद्ध मातोश्री असा परिवार आहे. आमची सायकल सोनिपतच्या ॲटलस कारखान्याची, बावीस इंची, काळी. तो कारखाना १९५१ साली सुरू झाला आणि कंपनीचा शेवटचा चालू कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला; आमची सायकल मात्र चालू आहे.

आमचे स्नेही टपाल खात्यातून निवृत्त झाले. तरुणपणी त्यांनी याच मुलखात सायकलवरून टपाल वाटले, पुढे ते पोस्टमास्तर झाले आणि सारा गाव त्यांना त्याच नावाने हाक मारतो. आम्ही त्यांस पोस्टमास्तर म्हणतो, ते आम्हांस गुरुजी म्हणतात. चाळीस वर्षांच्या परिचयात दोघांनीही एकमेकांस एकेरी हाक मारलेली नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी निवर्तल्या. एकुलते चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. गेल्या श्रावणात पोस्टमास्तर न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि शेजारच्या बाईंना चाहूल लागेपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून चिरंजीवांनी धोशा लावला होता, की बाबांनी संक्रांतीपूर्वी घर बंद करून पुण्यास यावे. पोस्टमास्तर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मार्गशीर्षातील एका सायंकाळी ते आमच्या ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "गुरुजी, एकदा ईटियाडोहापर्यंत जाऊन येऊ. सायकलवर."

घरात ही वार्ता कळताच जी सभा भरली तिचे वर्णन करण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी वृद्ध आणि तरुण एकत्र नांदतात त्या वाचकांस ती डोळ्यांपुढे आणता येईल. थोरल्या चिरंजीवांनी मोटारीने नेऊन आणतो असे सुचविले. सूनबाईंनी रक्तदाबाची आठवण दिली. आमच्या कुटुंबाने मात्र एवढेच विचारले, "पोस्टमास्तर स्वतः म्हणाले का?" आणि होय असे उत्तर मिळताच त्या दशम्यांचे पीठ मळावयास उठल्या. नातवाने आम्हांस आपले शिरस्त्राण आणि मागे लावावयाचा तांबडा दिवा दिला. हमरस्ता फक्त कोहमारा फाट्यापर्यंत, तोही पहाटेच्या वेळी, अगदी कडेने; आणि अंधार पडण्यापूर्वी घरी, या दोन अटींवर सभा बरखास्त झाली.

पहाटे सहा वाजता निघालो तेव्हा धुके इतके दाट होते, की समोरून येणाऱ्या मालमोटारीचे दिवे आधी दिसत आणि मोटार मागाहून. कोहमाऱ्यास हमरस्ता सोडून नवेगावबांधच्या वाटेस लागलो, तेव्हा कोठे कानांस शांतता लाभली. येथे आम्ही एक नियम केला, आणि दूर जाणाऱ्या कोणाही दोघांनी तो करावा असा आमचा आग्रह आहे. ज्याची गती मंद त्याने पुढे राहावे व दुसऱ्याने मागे. मंद माणूस मागे असला, की आपण मागे पडत आहोत या लाजेने तो जोर करतो व लवकर थकतो. आणि पुढचा वारंवार मान वळवून खड्ड्यात जातो. मंद माणूस पुढे असला म्हणजे दोघांची गती एकच होते आणि कोणी कोणावर उपकार केला असे होत नाही. पोस्टमास्तर आमच्याहून तीन वर्षांनी मोठे. ते पुढे झाले. आम्ही त्यांच्या मागे, चार हातांच्या अंतराने.

धुके विरळ झाले तसा आमचा मुलूख दिसू लागला. धानाची कापणी आटोपली होती. बांध्यांतून करड्या रंगाची खुंटे उभी होती आणि मळणीची वाट पाहणारे पुंजणे ठिकठिकाणी रचलेले होते. प्रत्येक गावाला एक तलाव, नाहीतर निदान एक बोडी. पूर्वीच्या काळी कोहळी समाजातील कर्त्या पुरुषांनी हे तलाव बांधले. पावसाचे पाणी उतारावर कोठे अडवावे, पाळ किती उंच घालावी, हे ज्ञान त्यांच्या घराण्यांतून चालत आले होते. सरकारदरबारी त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लोक त्याचे 'मामा तलाव' करून मोकळे झाले आहेत. पोस्टमास्तरांस यांतील प्रत्येक पाळीची ओळख होती. कोणत्या पाळीवरून गेले की वाट वाचते, कोणत्या गावी मनीऑर्डरीची वाट पाहणारी म्हातारी असे, हे ते पुढूनच, मान न वळविता, मोठ्याने सांगत. सौंदड स्थानकावर अरुंद रुळांची गाडी येई आणि टपालाच्या थैल्या उतरत, त्या काळच्या या हकिकती. सायकलवरील संभाषणात एक सोय असते. बोलणाऱ्याचे तोंड दिसत नाही, म्हणून समोरासमोर बसून जे निघत नाही ते तेथे सहज निघते. पुण्याचा विषय मात्र निघाला नाही.

नऊच्या सुमारास नवेगावबांधच्या तलावावर पोहोचलो. डोंगरांच्या कुशीत अदमासे अकरा चौरस किलोमीटर पसरलेले हे पाणी अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी अडविले, असे परंपरा सांगते. भोवतालच्या शिखरांस सातबहिणी म्हणतात. त्या सात देवतांनी बांध घालण्याच्या कामी कोलू पाटलांस साहाय्य केले अशी कथा आहे. स्वतः पाटीलही पुढे देवपदास पोहोचले आणि कोलासूर देव म्हणून त्यांचे पूजन होते. आम्ही आयुष्यभर मुलांस राजांच्या वंशावळी पाठ करविल्या. पण ज्याने पाणी अडविले त्याला लोकांनी देव केले, यात लोकांचे शहाणपण अधिक दिसते.

या तलावाभोवतालचे अरण्य १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नागझिऱ्यासह व्याघ्रप्रकल्पात गेले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले आणि त्यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकाने हे गाव मराठी वाचकांच्या घरोघरी गेले. संस्कृत ग्रंथांत पशुपक्ष्यांविषयी काय लिहिले आहे हे समजावे म्हणून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला, ही गोष्ट आम्ही वर्गात वारंवार सांगत असू. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. पाण्यावर उत्तरेकडून आलेल्या बदकांचे थवे बसले होते. त्यांतील काही हिमालयापलीकडून येतात. पाळीवर बसून आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असा उपहार केला. पोस्टमास्तर एक पाय लांब करून बसले होते. उठताना त्यांनी आधी झाडाचा आधार घेतला, मग सायकलचा.

नवेगावबांधहून दक्षिणेस ईटियाडोहाकडे निघालो तेव्हा ऊन चढू लागले होते. वाटेत लहानमोठे चढ आहेत. पहिल्या चढावर पोस्टमास्तर खाली उतरले आणि साखळी तपासू लागले. दुसऱ्या चढावर त्यांनी मागच्या चाकातील हवा दाबून पाहिली. तिसऱ्या चढावर मोहाच्या एका जुन्या झाडाची गोष्ट निघाली आणि ती चढ संपेपर्यंत पुरली. साखळी उत्तम होती, हवाही ठीक होती. आम्ही काही बोललो नाही. आम्हीही उतरलो आणि त्यांच्याबरोबर चालत गेलो. मात्र मागून चालविणाऱ्यास जे दिसते ते टाळता येत नाही. उजव्या गुडघ्यावर जोर येताच त्यांचा खांदा वर उचलला जाई. सपाट रस्त्यावरही ते मधूनमधून पायडल मारणे थांबवीत आणि सायकल आपोआप जाईल तितकी जाऊ देत. चाळीस वर्षे ओटीवर समोरासमोर बसून आम्हांस जे कळले नव्हते, ते त्या वीस-बावीस किलोमीटरांत त्यांच्या पाठीकडे पाहून कळले.

ईटियाडोह धरण गाढवी नदीवर, गोठणगावाजवळ, १९७० च्या सुमारास पुरे झाले. याच भागात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. पोस्टमास्तर तरुणपणी येथे टपाल घेऊन येत, म्हणून प्रथम तिकडेच वळलो. पुष्कळ घरांस कुलुपे होती. हिवाळा आला, की येथील तरुण मंडळी लोकरी कपडे विकावयास दूरच्या शहरांतून जातात आणि थंडी सरल्यावर परततात. तोपर्यंत वृद्ध घरे सांभाळतात. एका घराच्या उन्हात एक आजीबाई हातातील प्रार्थनाचक्र फिरवीत बसल्या होत्या. त्यांनी पोस्टमास्तरांकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि हिंदीत विचारले, "चिट्ठी है क्या?" पोस्टमास्तरांनी दोन्ही हात मोकळे करून दाखविले. दोघेही हसले. मग आजीबाईंनी चहा पाजला. त्यांची मुले कोठे कोठे गेली आहेत ते सांगितले आणि होळीच्या आत सगळे येतील असे बोटांवर मोजून दाखविले.

वसाहतीतून निघून धरणाच्या भिंतीजवळ येऊन बसलो. पाणी स्थिर होते. पोस्टमास्तर म्हणाले, "या आजीबाईंचे ठीक आहे. गेलेले होळीला परत येतात, हे त्यांना ठाऊक आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुजी, मुलगा बोलावतो आहे. तुमचे काय मत?"

आता वाचकांपुढे मन उघडे केले पाहिजे. जाऊ नका, एवढेच सांगण्याचे आम्ही घरून ठरवून निघालो होतो. त्यासाठी युक्तिवादही तयार होते. आयुष्य ज्या मातीत गेले ती सोडू नये. पुण्यास चौथ्या मजल्यावर कोण ओळखीचे. शेजारी आम्ही आहोत, वेळप्रसंगी आमच्याच घरी दोन घास खावे. यांतील एकही गोष्ट खोटी नव्हती. परंतु सकाळपासून आम्ही ज्या पाठीच्या मागे चाललो होतो, ती पाठ या युक्तिवादांच्या आड येऊन उभी राहिली. तो गुडघा, तो झाडाचा आधार, ती न बिघडलेली साखळी. जाऊ नका हे शब्द त्यांच्या हिताचे नव्हते. सायंकाळी आमची ओटी रिकामी राहू नये, यासाठी ते होते.

आम्ही म्हणालो, "पोस्टमास्तर, जावे. मुलगा बोलावतो आहे तोवर जावे. तो बोलवायचा थांबला आणि मग जावे लागले, तर ते जाणे निराळे."

ते पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही राहा म्हणाल असे वाटले होते."

"म्हणणार होतो," आम्ही म्हणालो.

यावर त्यांनी मान डोलावली आणि उरलेली दशमी अर्धी अर्धी केली.

परतीच्या वाटेवर नवेगावबांध मागे टाकल्यावर आमच्या मागील चाकात बाभळीचा काटा शिरला. आम्ही मोबाइल काढून चिरंजीवांस बोलवावे की काय या विचारात असता पोस्टमास्तरांनी आपल्या पिशवीतून पान्हे, पॉलिश कागद, सोल्यूशनची नळी आणि रबराचा तुकडा बाहेर काढला. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहावे, जागा खरवडावी, सोल्यूशन लावून ते जरा सुकू द्यावे आणि मग ठिगळ दाबावे. सुकण्यापूर्वी दाबले तर ते धरत नाही. हे सर्व त्यांनी पाकिटावर तिकीट डकवावे तितक्या सहजतेने केले. त्या पाऊण तासात त्यांच्या गुडघ्याचे दुखणे कोठे गेले होते कोण जाणे. बैलगाडीवरील एक शेतकरी थांबला आणि त्यांस ओळखून म्हणाला, "पोस्टमास्तर, अजून सायकल सुटली नाही का तुमची?" पोस्टमास्तर म्हणाले, "सोडतो बापा, संक्रांतीला." त्यांचा निश्चय आम्हांस त्या क्षणी कळला. त्यांनी तो आमच्या तोंडावर न सांगता गाडीवानास सांगितला, याबद्दल आम्ही त्यांचे मनोमन आभार मानले.

दिवेलागणीस घरी पोहोचलो. चिरंजीव फाट्यापर्यंत मोटार घेऊन आले होते. परंतु त्यांनी आम्हांस मोटारीत बसविण्याचा आग्रह न करता, हमरस्त्यावर आमच्या मागून सावकाश मोटार चालवीत दिव्याचा उजेड पुरविला. हे त्यांनी कोठून शिकले ते आम्हांस ठाऊक नाही. पण मुलास याहून अधिक काही शिकवावयाचे उरले आहे असे वाटले नाही.

पोस्टमास्तर पौषात पुण्यास गेले. रविवारी त्यांचा फोन येतो. नातीस शाळेच्या गाडीपर्यंत पोहोचविण्याचे काम त्यांनी आपणाकडे घेतले आहे, आणि सोसायटीतील पहारेकऱ्यास हिंदीतून पत्रे लिहून देतात. गुडघ्यावर उपचार चालू आहेत.

ज्या घरांतून वृद्ध माणसे आहेत, तेथील तरुण मंडळींस आम्हांस इतकेच सांगावयाचे आहे, की घरातील म्हाताऱ्याने सायकल काढली तर तिला कुलूप घालण्यापूर्वी त्याच्याबरोबर एक दिवस जाऊन यावे. वाट निवांत निवडावी, पहाटे निघावे, पाणी व पंक्चरचे सामान बरोबर घ्यावे, आणि त्यास पुढे ठेवून आपण मागे राहावे. तो किती जाऊ शकतो आणि त्याला आता कशाची गरज आहे, हे कोणास विचारण्याची मग आवश्यकता उरणार नाही.

आता रविवारी सकाळी आमच्याबरोबर आमचा नातू येतो. त्याची सायकल अनेक गिअरांची, वजनाने निम्मी. पहिल्या दिवशी तो दृष्टीआड गेला आणि कोहमारा फाट्यावर आमची वाट पाहत उभा राहिला. दुसऱ्या रविवारी आम्ही त्यास नियम समजावून सांगितला. तेव्हापासून आम्ही पुढे असतो आणि तो मागे. चढ आला म्हणजे आम्ही हल्ली कधीकधी साखळी तपासण्यास उतरतो. तो काही न बोलता उतरतो आणि आमच्याबरोबर चालत येतो.